जॅझचा ड्रमर वाजवताना एवढी तोंडं का करतो? ते नाटक असतं का?

नाटक नसतं. चांगल्या ड्रमरचं तर नाहीच.

मी कुडाळकडचा, डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या जुगलबंदीत, पखवाज वाजवतो. वाजवताना माझे ओठ हलतात, मान हलते. बोल तोंडात घोळल्याशिवाय माझ्या हातात उतरतच नाहीत. आमचे काका जुने बुवा, म्हणजे मंडळाचे मुख्य गायक. भर बारीत सगळ्यांदेखत ओरडायचे, "पखवाज हातान वाजय, तोंडान नको!" चेहरा हलला की लय हलते, हे त्यांचं ठाम मत.

पणजीत एका लहानशा हॉलमध्ये जॅझ ऐकायला गेलो तेव्हा ड्रमच्या अगदी बाजूची खुर्ची मिळाली. ड्रमर साठीच्या पुढचा. सॅक्सोफोनवाला एकटा रंगात आलेला, आणि याचा जबडा त्याच्या प्रत्येक सुरावटीबरोबर चालतोय. सॅक्सोफोनवाला श्वास घ्यायला थांबला रे थांबला की नेमका त्या फटीत स्नेअरवर, म्हणजे समोरच्या चपट्या ड्रमवर, याचा एक ठोका. मग काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. डावा हात स्नेअरवर गोल गोल घासतोय, उजवा वरून टपटपतोय, डोळे मिटलेले, भुवया कपाळात. आणि एवढ्यात खाली डावा पाय? दर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) मिटत होता, शेवटपर्यंत तसूभर ढळला नाही. काका शेजारी असायला हवे होते!

सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या चौकडीत 1960 ते 66 ड्रम वाजवणारा एल्विन जोन्स वाजवताना हुंकारायचा, ते रेकॉर्डवरही ऐकू येतं. स्टुडिओत कोणाला दाखवायचं होतं त्याला? आपल्या शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू ड्रम वाजवता वाजवता तोंडाने बोल म्हणतात, झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतात. त्यांची लय हलते म्हणायची कोणाची छाती आहे?

ड्रमरच्या डोक्यात मूळ चाल सतत फिरत असते, आपण कुठल्या ओळीवर आहोत ते त्याला कळावं लागतं. तीच ओठांवर येते. पोरांना बोल मोठ्याने म्हणू द्या, गप्प बसवू नका. चेहरा दाबायला लावलेला पोरगा हातही दाबूनच वाजवतो, हे मी आमच्याच भजनी मंडळात पाहिलंय.

हां, दिखाऊ लोकही असतात. साथीदारांकडे न बघता सारखा प्रेक्षकांकडे बघत असेल तर समजा. आणि दगडासारखा चेहरा ठेवून अप्रतिम वाजवणारेही आहेत, ते नाकारत नाही. तुम्ही जाणार असाल तर ड्रमरच्या डाव्या हाताची जागा धरा, तिथून पाय दिसतो.