कॅनडातल्या चर्चिल गावाला ध्रुवीय अस्वलं बघायला गाईड घ्यावाच लागतो का? स्वतः गाडी चालवत गेलं तर?

टुंड्रावर जाऊन बघायची तर घ्यावाच लागतो. मुळात चर्चिलला बाहेरून रस्ताच नाही. विनिपेगहून विमानाने जा, नाहीतर दोन दिवस रेल्वेत बसा. गावात भाड्याची गाडी मिळते, पण ती टुंड्रावर घालता येत नाही.

मी विनिपेगला राहते. तीन वर्षांपूर्वी दादा नाशिकहून आला होता, तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही गेलो होतो. माणसाच्या छातीएवढ्या चाकांची टुंड्रा बग्गी, मागे उघडा सज्जा, त्याच्या तळाला लोखंडी जाळी. सकाळभर नुसता बर्फ आणि खुरटी झुडपं. दुपारी एक मोठा नर आला तो थेट सज्जाखाली शिरला आणि माझ्या बुटांचा वास घ्यायला लागला. काळं ओलं नाक जाळीला टेकलेलं, श्वासाची वाफ माझ्या पायांभोवती. मी जागची हलले नाही.

तेवढ्यात दादाने खिशातून चिवड्याची पुडी काढली. म्हणे, "उपाशी दिसतोय बिचारा." गाडी चालवणाऱ्या गाईड मुलीने त्याचा हात धरला, सगळ्यांना आत घेतलं आणि दार लावलं. एवढे पैसे मोजून पोरीने चारचौघांत अपमान केला, हे दादा अजून प्रत्येक लग्नात सांगतो.

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. अस्वल उपाशी होतंच! सील मारायला त्यांना गोठलेला समुद्र लागतो. चर्चिलला लागून असलेला हडसन बे हा उपसागर जुलैच्या सुमाराला बर्फातून मोकळा होतो, तेव्हापासून ती अंगातल्या चरबीवर जगतात आणि नोव्हेंबरात पाणी गोठायची वाट बघत किनाऱ्यावर थांबतात. पण माणसापाशी खायला मिळतं हे एकदा कळलं की ते गावात येणार. मग सापळा, अस्वलांसाठीची कोठडी, आणि कुणाच्या जिवावर बेतलं तर गोळी. पश्चिम हडसन बेमध्ये २०१६ साली अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८. आपल्या दयेपायी त्यातलं एकही जायला नको.

ताडोबात "अजून थोडं पुढे घ्या की" म्हणायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. गाईड नाही म्हणाला की नाही.

खर्च मात्र खरंच खूप येतो. जमत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा, नदीच्या मुखाशी शेकड्यांनी बेलुगा देवमासे दिसतात. गावात दिवसा पायी फिरता येतं, पण किनाऱ्याकडे एकटे जाऊ नका. तिथले लोक गाड्यांना कुलूप लावत नाहीत, अस्वल समोर आलं तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून.

दादा, तू हे वाचशीलच. तुझा मान राखायला मी त्या दिवशी गप्प बसले. त्या मुलीचे आभार तुझ्यासमोरच मानायला हवे होते.