प्रलय, ओघ आणि पूर : मनूच्या नौकेखालचे पाणी कोणते?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न असा : ‘सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा बातम्यांत जलप्रलय हा शब्द सर्रास दिसला. प्रलय म्हणजे पूरच का? मनूचा किंवा बायबलमधल्या नोहाचा जलप्रलय खरोखर घडला होता, असे विज्ञान आणि इतिहास सांगतात का? आणि लिहायचे कसे, प्रलय की प्रळय?’

आधी शब्द पाहू, कारण दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

प्रलय या शब्दात पाणी कुठेच नाही. ‘ली’ म्हणजे विरघळणे, मिसळून जाणे. त्याला ‘प्र’ लागून प्रलय झाला. उत्पत्ती, स्थिती, लय या त्रयीतला जो लय, तोच इथे आहे. पुराणांनी प्रलयाचे चार प्रकार मानले : नित्य, नैमित्तिक, प्राकृत आणि आत्यंतिक. प्राण्यांचे रोजचे मरण हा नित्य प्रलय आणि ज्ञानाने मिळणारा मोक्ष हा आत्यंतिक प्रलय. या दोन्हींत पावसाचा थेंबही नाही. पाणी येते ते नैमित्तिक प्रलयात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा ब्रह्मदेवाचा एक दिवस संपल्यावर, आणि तेही अगदी शेवटी. विष्णुपुराणातला क्रम पाहा : आधी १०० वर्षे अवर्षण, मग सात सूर्यांचा दाह, मग सगळे जाळणारा अग्नी, मग संवर्तक मेघ, आणि त्यांच्या वृष्टीने झालेला ‘एकार्णव’, म्हणजे काठ नसलेला एकच समुद्र. प्रलयाची सुरुवात दुष्काळाने होते, ही गोष्ट अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाने जरूर ध्यानात घ्यावी. याच प्रलयाचे दुसरे नाव कल्पांत. मराठीने त्याचा अर्थ पार बदलला आणि ‘तिने कल्पांत केला’ असे आक्रोशासाठी वापरला.

आता मनूची कथा. तिचे सर्वांत जुने उपलब्ध रूप शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात, पहिल्या कांडात आहे आणि तिथे प्रलय हा शब्दच नाही. तिथला शब्द आहे ‘औघ’. बोलण्याच्या ओघात, ओघवती भाषा, ओढ्याचा ओघ असे आपण म्हणतो, त्याच घराण्यातला हा शब्द. मासा मनूला म्हणतो, ‘औघ इमाः सर्वाः प्रजा निर्वोढा’, म्हणजे हा लोंढा या साऱ्या प्रजेला वाहून नेईल. वाहून नेईल म्हणतो, विरघळवून टाकील म्हणत नाही. या कथेत विष्णू नाही, सप्तर्षी नाहीत, प्राण्यांच्या जोड्या नाहीत, पावसाचाही उल्लेख नाही. पाणी चढते, मनू नावेत बसतो, नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो आणि उत्तरेच्या पर्वताशी पोचतो.

तिथली एक सूचना फार बारकाईची आहे. मासा सांगतो : नाव झाडाला बांध, पण पाण्याने तुला डोंगरावर तोडू नये म्हणून पाणी जसजसे उतरेल तसतसा तूही खाली ये. पूर ओसरताना नाव वरच अडकून राहते आणि माणूस पाण्यापासून तुटतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच सुचावी अशी ही सूचना. त्या उताराला ‘मनोरवसर्पण’, मनूचे उतरणे, असे नावही मिळाले. माझ्या मते या कथेच्या तळाशी खऱ्या पुराचा अनुभव आहे याची सर्वांत बोलकी खूण हीच.

पुढे कथेवर थर चढत गेले. महाभारताच्या वनपर्वात सप्तर्षी येतात, मासा स्वतःला ब्रह्मा म्हणवतो, आणि घटनेला ‘संप्रक्षालनकाल’, म्हणजे जग धुऊन काढण्याची वेळ, असे नाव मिळते. भागवतात मनूच्या जागी द्रविड देशचा राजा सत्यव्रत येतो, नदी कृतमाला असते, मासा विष्णूचा अवतार ठरतो आणि दोराच्या जागी वासुकी येतो. तिथे मात्र स्पष्ट म्हटले आहे : ‘आसीदतीतकल्पान्ते ब्राह्मो नैमित्तिको लयः’. शतपथातला लोंढा आणि विश्वाचा लय यांची गाठ इथे पक्की बसली. मराठी बायबलात नोहाच्या पुरासाठी जलप्रलय हा शब्द रूढ झाला, तेव्हा तिसरी कथाही याच शब्दाखाली आली. मूळ हिब्रूत तिथे ‘मब्बूल’ आहे, मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, अक्कादी भाषेतल्या पूरकथेत ‘अबूबू’, आणि कुराणात नूहच्या कथेत ‘तूफान’. हा अरबी तूफान पाण्याचा आहे. फारसीमार्गे मराठीत येताना तो वाऱ्याचा झाला.

म्हणून ‘प्रलय झाला होता का’ याचे एकच एक उत्तर देता येत नाही. एकार्णव ही विश्वरचनेची कल्पना आहे, तिचा गाळ शोधता येत नाही. ओघाचा शोधता येतो. पूर आला की मागे मळई राहते आणि मळई वाचता येते.

सीनेच्या किंवा भीमेच्या काठावर पूर ओसरल्यावर पाहा. पात्रालगत, जिथे पाण्याला वेग होता, तिथे जाड वाळू पडते. लांब, संथ पाण्यात बारीक पोयटा बसतो, आणि सुकल्यावर त्याला भेगा पडतात. नदीच्या कपारीत, जिथे लोंढ्याचे पाणी तुंबून संथ होते, तिथे असे थर एकावर एक टिकून राहतात. सर्वांत वरच्या थराची उंची मोजून, पात्राचा छेद काढून, त्या पुराचा किमान विसर्ग काढता येतो. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांत अशाच थरांवरून जुन्या महापुरांचा माग काढला. थराचे वय दोन वाटांनी निघते : त्यातल्या कोळशाचे कार्बन-१४ने, किंवा वाळूच्या कणांनी शेवटचे ऊन कधी पाहिले हे दीप्तिमापनाने. चूकही इथेच होते. जुन्या थरातला कोळसा नव्या पुराने उकरून आणला, तर वय खऱ्यापेक्षा जास्त येते. गढूळ पाण्यातून आलेल्या कणांना पुरेसे ऊन लागले नाही, तरीही तसेच होते. म्हणून एका नमुन्यावर कोणी पुराची तारीख सांगितली, तर ती धरून चालू नये.

हीच परीक्षा मेसोपोटेमियाच्या पूरकथेला लावली गेली. जॉर्ज स्मिथ यांनी डिसेंबर १८७२मध्ये लंडनला गिल्गमेश या मेसोपोटेमियाच्या प्राचीन काव्याच्या ११व्या मातीच्या फळीचे वाचन केले आणि नोहाच्या कथेचा जुना जोडीदार जगापुढे आला : नाव, डोंगर, सोडलेले पक्षी, सगळे त्यात होते. त्याहून जुन्या एका फळीवर, जिचे वाचन अर्व्हिंग फिंकेल यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केले, नाव चक्क गोल आहे, गुऱ्हाळावरच्या काहिलीसारखी, आणि दोराचे वेटोळे घालून वर डांबर चोपडायची कृतीही दिली आहे. पुढे १९२९च्या सुमारास उत्खनन करणारे लेनर्ड वूली यांना मेसोपोटेमियातल्या उर येथे तीन मीटरहून जाड स्वच्छ गाळाचा थर सापडला आणि ‘नोहाचा पूर सापडला’ अशी हाकाटी झाली. पण जवळच्याच एरिदूला तो थर नाही. शुरुप्पाक, म्हणजे कथानायकाचे गाव, तिथेही पुराचा थर मिळाला, तो इ.स.पू. २९००च्या सुमाराचा, उरच्या थरापेक्षा कितीतरी नंतरचा. किश येथले थर आणखी वेगळ्या काळाचे. म्हणजे युफ्रेटिस-तैग्रिसला अनेकदा भयंकर पूर आले, गावे बुडाली, आणि त्यांपैकी एखाद्याची किंवा अनेकांची आठवण कथेत उतरली. एवढे नक्की म्हणता येते. एकच पूर सगळीकडे आला असता, तर थर एकाच वयाचे असायला हवे होते.

साऱ्या पृथ्वीच्या पुराचे गणित तर बसतच नाही. वातावरणातली सगळी वाफ एकदम बरसली, तरी पृथ्वीभर सरासरी २.५ सेंटिमीटर पाणी होईल. सगळा बर्फ वितळला तर समुद्र ६५-७० मीटर चढेल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, ते कोरडेच राहील. एव्हरेस्ट, ८,८४९ मीटर, बुडवायचे तर आजच्या समुद्रांच्या तिपटीहून अधिक पाणी वर घालावे लागेल. ग्रीनलंडच्या बर्फातले वार्षिक थर हजारो वर्षे अखंड मोजता येतात. बर्फ पाण्यावर तरंगतो, समुद्र वर चढला असता तर ही मालिका उचलली जाऊन मोडली असती. बायबलच्या वंशावळींवरून सतराव्या शतकातले आर्चबिशप जेम्स अशर यांनी पुराचे साल इ.स.पू. २३४८ काढले. त्या काळात इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे होते आणि तिथली संस्कृती खंड न पडता चालू राहिली.

‘मग डोंगरावर शंखशिंपले कसे?’ हा प्रश्न हमखास येतो. देवघरातला शाळिग्रामच घ्या. गंडकीच्या पात्रात मिळणारा हा काळा दगड म्हणजे अमोनाइट नावाच्या सागरी जीवाचा जीवाश्म, दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. पाणी हिमालयावर चढले नाही, टेथिस समुद्राचा तळच भारतीय भूखंडाच्या रेट्याने वर उचलला गेला. पुराने आणले असते तर हे जीव फुटलेले, सरमिसळ झालेले दिसले असते. ते आपापल्या थरात आहेत. आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण असा उतरता क्रम लागतो. हा सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि त्याच्या झिजेचा क्रम आहे. त्यात जगभरच्या पुराचा सागरी गाळ कुठेच लागत नाही.

तरीही विज्ञान मोठे पूर नाकारते, असे समजू नये. भूशास्त्रज्ञ जे हार्लेन ब्रेट्झ यांनी १९२३पासून मांडले की अमेरिकेतल्या वॉशिंग्टन प्रांताचे खडक एका अजस्र लोंढ्याने कोरले. बायबलचा वास येतो म्हणून इतर भूशास्त्रज्ञांनी ते झिडकारले. हिमनदीने अडवलेले प्राचीन सरोवर वारंवार फुटल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि १९७९मध्ये ब्रेट्झ यांना भूशास्त्रातले मानाचे पेनरोज पदक मिळाले. पुरावा आला की मत बदलले. काळ्या समुद्राचे उदाहरण याउलट दिशेचे. रायन आणि पिटमन या भूशास्त्रज्ञांनी १९९७मध्ये म्हटले की सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी बॉस्फोरसच्या सामुद्रधुनीतून तिथे कोसळले. नंतरच्या गाळाच्या नमुन्यांवरून पाण्याची वाढ त्याहून बरीच कमी असावी असे अनेकांनी दाखवले, आणि वाद अजून मिटलेला नाही. नोहाशी त्याची सांगड घालणे आज तरी घाईचे आहे. हिमयुग ओसरताना समुद्र सुमारे १२० मीटर चढला हे मात्र निर्विवाद. पण त्यातला सर्वांत वेगाचा टप्पासुद्धा वर्षाला चारपाच सेंटिमीटरचा. किनारे पिढ्यान्‌पिढ्या मागे सरकत गेले, एका रात्रीत नव्हे.

आता वापर. ‘जलप्रलय’ हा समास बिनचूक आहे : जलाने झालेला प्रलय. बातमीत, भाषणात तो अतिशयोक्ती म्हणून चालतो. ज्याचे घर सीनेने नेले त्याच्या तोंडी तर तो अतिशयोक्तीही नाही. अर्जात आणि पंचनाम्यात मात्र तो लिहू नये, तिथे ठरलेले शब्द आहेत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ‘अतिवृष्टी’, लहानशा भागात तासाला १०० मिलिमीटर किंवा अधिक झाला तर ‘ढगफुटी’, नदी पात्राबाहेर आली तर ‘पूर’. आपल्या रानात पाऊस नसताना वरच्या विसर्गाने पाणी शिरले असेल, तर ‘अतिवृष्टी’ लिहिल्यास मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद आडवी येते. तिथे ‘पुराचे पाणी शिरून’ असेच लिहावे. पूररेषांतही निळी ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल ती १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणात गेलेल्या जमिनीला पूरग्रस्त म्हणत नाहीत, ती ‘बुडित’.

प्रलय की प्रळय? दोन्ही बरोबर. संतवाङ्मयात ‘प्रळय’, ‘महाप्रळय’ अशी ळकारी रूपे नेहमी भेटतात आणि ओवीच्या कानाला तीच गोड लागतात. आजच्या लेखी गद्यात संस्कृत रूप ‘प्रलय’ स्थिरावले आहे. जुना उतारा देताना त्यातला ‘ळ’ बदलू नये, स्वतःचे लिहिताना ‘प्रलय’ लिहावे.