टाळू बसली, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : बाळ ७ महिन्यांचं आहे. दोन दिवस जुलाब होताहेत. आजेसासूबाई म्हणतात, टाळू बसलीय, तेलाने भरा. डॉक्टरांकडे न्यावं का? (कोथरूड)

उत्तर : आजच न्या. आजेसासूबाईंनी नेमकं हेरलंय. टाळूवर बोट फिरवल्यावर खळगा लागतो, तो अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे. वरून घातलेल्या तेलाने तो भरत नाही, पाणी पोटातच जायला हवं. अंगावर पाजत राहा. सोबत जलसंजीवनी (ओआरएस) चमच्याचमच्याने द्या, दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर. पुडी १ लिटरची की २०० मिलिलिटरची, ते वाचून मगच पाणी मोजा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा पाजा, आणखी सावकाश. बाळ मलूल पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, ६ तासांत लंगोट ओला झाला नाही, तर मध्यरात्रसुद्धा पाहू नका, निघा.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे (कॉलराचे) रुग्ण वाचवले.

प्रश्न : लेक टेक्सासला असते. नातवाची टाळू पाहून तिथली मेक्सिकन शेजारीण म्हणाली, तोंडात अंगठा घालून वर दाब. त्यांच्यातही हे आहे? (सदाशिव पेठ)

उत्तर : आहे. ‘काइदा दे मोयेरा’, म्हणजे टाळू पडणे. बाळ आपटलं किंवा पिताना स्तन झटकन काढला, की टाळू खाली येते, असा समज. मग आतून वर दाबायचं, पाय धरून उलटं करायचं, तोंडाने टाळू ओढायची. मराठीत डोक्यावरची ती टाळू आणि तोंडातलीही टाळूच, त्यामुळे मला हा विचार परका वाटत नाही. पण उलटं धरून झटके दिल्याने मेंदूला इजा होऊ शकते, हे लेकीला आजच सांगा. शेजारणीला मात्र उडवून लावू नका, खळगा तिलाही दिसलाय. माझ्याकडे कुणी ‘टाळू बसली’ म्हणत आलं, की मी आधी विचारतो, जुलाब किती झाले, शू कधी केली?

प्रश्न : दात येताना जुलाब होतातच ना? (हडपसर)

उत्तर : नाही. त्या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्यातून जंतू पोटात जातात. दातांवर ढकलून थांबू नका.

प्रश्न : मालिशवाल्या मावशी रोज टाळू भरतात. बंद करू? (धायरी)

उत्तर : थेंबभर तेल हलक्या हाताने चालेल. दाबायचं नाही, नाका-कानात सोडायचं नाही. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरून येते. शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगून ताठ लागली आणि ताप असला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.