सफरचंद-कांद्याची चटणी पहिल्यांदा करताना

१ किलो सफरचंदांना अर्धा किलो कांदा, ३०० ग्रॅम साखर आणि ३०० मिली व्हिनेगर घे. पातेलं स्टीलचंच, अ‍ॅल्युमिनियमला आंबट लागलं की चव बिघडते. कांदा आधी एकटा, मंद आचेवर अगदी मऊ होऊ दे. व्हिनेगर पडल्यावर तो शिजायचं नावच घेत नाही, करकरीत राहतो. (दोन बरण्या वाया घालवून शिकलेय हे!) मग बाकी सगळं घालून, झाकण न ठेवता तासभर रटरटू दे. शेवटी ढवळत राहा, साखर तळाला धरते. चमच्याने तळाशी रेघ ओढ. ती लगेच रसाने भरली नाही की गॅस बंद. गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भर. लगेच चाखलीस तर व्हिनेगर नाकात जाईल. तीन आठवडे फ्रिजमध्ये विसरून जा.