व्हॅनिलाच्या शेंगेला वास का येत नाही?

प्रश्न : सुपारीच्या बागेतल्या व्हॅनिलाच्या शेंगा तोडून कडक उन्हात वाळवल्या. वास नाहीच, उलट वर पांढरं काहीतरी धरलंय. काय चुकलं?

उत्तर : घाई झाली. हिरव्या शेंगेत व्हॅनिलिन, म्हणजे सुगंध देणारा घटक, मोकळं नसतं, ग्लुकोजला बांधलेलं असतं. शेंगेतलंच विकर (एन्झाइम) ते सोडवतं; त्याला ऊब हवी आणि ओलावाही. कडक उन्हात शेंग आधीच सुकली की काम अर्धवट राहतं.

पुढच्या वेळी शेंगेचं टोक पिवळं पडू लागलं की तोडा. 63 ते 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 3 मिनिटं बुडवा. थर्मामीटर वापराच, कारण उकळत्या पाण्यात विकरच मरतं. निथळून गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवा. एक-दोन दिवसांत शेंगा तपकिरी होतात. मग आठ-दहा दिवस रोज तासभर ऊन दाखवून लगेच पुन्हा गुंडाळायच्या. त्यानंतर सावलीत, हवेशीर जागी सुकवा. तयार शेंग बोटाभोवती गुंडाळली तर मोडत नाही. शेवटी मेणकागदात बांधून दोन-तीन महिने बंद डब्यात मुरवा. खरा सुगंध इथेच भरतो. 5-6 किलो हिरव्या शेंगांची साधारण 1 किलो होते.

आता ते पांढरं. भिंगातून पाहा. सुईसारखे चकचकीत कण असतील तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक, उत्तम मालाची खूण. कापसासारखं, कुबट वासाचं असेल तर बुरशी. तुमच्या शेंगांना सुगंधच नाही, म्हणजे बहुधा बुरशीच; त्या पुसून वापरू नका, टाकून द्या.