किल्ली कुणाच्या खिशात?

लातूर

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझ्या साखर कारखान्याच्या सुरक्षा कार्यपद्धतीची फाईल नातवाकडून छापून घेतली आणि दोन दुपारी बसून वाचली. मेहनत दिसते. काही पानं एखाद्या मोटारीच्या कारखान्यातून उचलल्यासारखी वाटतात, ते चालायचंच, आम्हीही तेच केलं. पण एका प्रश्नाचं उत्तर मला त्यात सापडलं नाही. रात्री अडीच वाजता गव्हाण, म्हणजे ऊस मिलकडे नेणारा पट्टा, तुंबली आणि हेल्पर आत उतरला, तर तिच्या मोटारीच्या स्विचच्या कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात असेल?

हे विचारतोय, कारण एका रात्री ती कुणाच्याच खिशात नव्हती आणि शिफ्ट इंचार्ज मी होतो.

ऐन हंगाम. ऊस कटरपाशी अडकला, मिल रिकामी फिरायला लागली. दिवसाला 5000 टनी कारखाना म्हणजे तासाला 208 टन ऊस, त्यामुळे 'नो केन'ची, म्हणजे मिलला ऊसच नाही अशी, पाच मिनिटं झाली की फोन वाजायला लागतात. हेल्पर आत उतरला. परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, मी सही केली, पण केबिनमध्ये बसून. इलेक्ट्रिशियननं स्विच पाडला, हँडलला 'काम चालू आहे'ची पाटी अडकवली. अर्ध्या तासानं वरून कुणीतरी ओरडलं, "झालं रे, सगळे आले वर!" पाटी निघाली, बटण दाबलं. सगळे आले नव्हते. पट्टा चार-पाच फूट सरकला तेवढ्यात त्या पोरानं कडेचा अँगल धरून अंग वर ओढलं. एक बूट मात्र पट्ट्यावरच राहिला आणि कटरमध्ये गेला. सकाळी बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, पट्ट्यावर सोलचा काळा तुकडा सापडला. पोराला खरचटलंही नव्हतं. लॉगबुकात त्या रात्रीची नोंद आहे, 'नो केन, 35 मिनिटं.' अक्षर माझंच आहे.

पाटी कुणीही काढू शकतो. कुलूप ज्याचं त्यालाच काढता येतं. म्हणून एमसीसी रूममध्ये, म्हणजे मोटारींच्या स्विचांच्या खोलीत, आयसोलेटरला, वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचला, कुलूप लावायचं, आणि जितकी माणसं आत, तितकी कुलपं. सहा भोकांची पकड मिळते, तिच्यात प्रत्येकानं आपापलं अडकवायचं. किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. इंचार्जकडे नाही, खिळ्यावर नाही. कुलूप लागल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून बघायचं. ही पायरी तुझ्या फाईलमध्ये नाहीच. चुकीच्या फीडरला, म्हणजे दुसऱ्याच मोटारीच्या वीजलाईनीला, कुलूप लागल्याचं मी स्वतः दोनदा पकडलंय, दोन्ही वेळा या बटणामुळेच. वीज तोडली तरी लाईनीत अडकलेली वाफ आणि मिलच्या हायड्रॉलिकचा दाब तसाच राहतो. तो वेगळा सोडावा लागतो. पाळी बदलताना जुन्याचं कुलूप निघायच्या आधी नव्याचं लागलं पाहिजे.

फिटर तुला म्हणतील, "साहेब, पाच मिनिटाचं काम हाय, कशाला कागद करायलाव?" चिडू नकोस. त्यांचं म्हणणं अर्धं खरं असतं. परमिट चार पानी असेल तर कुणीही आधी काम करून मग सही मागेल. एक पान ठेव, मराठीत. आणि सही जागेवर उभं राहून कर.

दुसरी काळजी टाक्यांची. मळीची टाकी, डिस्टिलरीचा स्पेंट वॉश म्हणजे उरलेलं सांडपाणी, ईटीपीचा म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा खड्डा. सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर माणूस सावध असतो. पण हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. नाकावर काम करू नका, मीटर लावा. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली असेल तर कुणालाही उतरवायचं नाही. मोजमाप वर, मध्ये आणि तळाशी, तेही काम चालू असताना पुन्हा पुन्हा. आत न्यायचा दिवा 24 व्होल्टच्या वर नको, हे तर 1948 च्या कारखाने कायद्यात 36-अ कलमातच लिहिलेलं होतं. बाहेर एक माणूस कायम बसलेला हवा, त्याला दुसरं कुठलंही काम नको. आतला पडला तर त्यानं दोरी ओढायची, आरोळी द्यायची, पण उडी मारायची नाही. हे शिकवणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे आत पडलेला बहुधा चुलता नाही तर मेव्हणा असतो.

ऑफ सीझनला ठेकेदाराची नवी माणसं येतात. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवायच्या भांड्याच्या, आत नळ्या घासायचं काम पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबव. आत जाताना बिल्ला बाहेरच्या खिळ्याला, बाहेर आल्यावर गळ्यात. संध्याकाळी खिळ्यावर बिल्ला लोंबत असेल तर मॅनहोल बंद होणार नाही. माझ्या माहितीत याहून स्वस्त पद्धत नाही.

गेटवरची 'अपघाताविना इतके दिवस' पाटी काढता आली तर काढ. ती आकडा वाढवते आणि बोट कापलेल्याला गुपचूप खासगी दवाखान्यात पाठवते. त्यापेक्षा 'थोडक्यात वाचलं' अशी वही ठेव, नाव लिहायची सक्ती नको. पहिले दोन महिने कुणी काही लिहिणार नाही. मग कुणीतरी निसरड्या जिन्याबद्दल लिहील. तो जिना दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला तरच वही भरायला लागेल. सुरक्षा समितीतही ती वही वाचायची. भोपाळनंतर 1987 मध्ये कायद्यात आलेल्या त्या समितीत कामगार आणि व्यवस्थापन निम्मे-निम्मे ठेवले होते, ते उगाच नाही. आमच्याकडे मात्र ती 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, शपथ घ्यायला आणि वडापाव खायला जमायची.

कुलपांना पैसे नाहीत म्हणून एमडी हात वर करतील. तेव्हा फाईल नको, लॉगबुक ने. मागच्या हंगामातल्या 'नो केन'च्या तासांची बेरीज करून समोर ठेव. तीस कुलपांचा खर्च त्यातल्या एका तासातसुद्धा मावून जातो. कारखान्यात टनाचीच भाषा कळते, तिचा राग कशाला?

आणखी एक. ऊस उतरवून वजनकाट्यावरून परतणाऱ्या ट्रॉल्यांना मागून रेडियम लावून घे. कागदोपत्री ते तुझ्या हद्दीत येत नाही, तरी लाव.

पुढच्या रविवारी लातूरला आलास तर गेल्या महिन्याची परमिट बुकं घेऊन ये. बाकी काही नको. सहीची वेळ आणि काम सुरू झाल्याची वेळ, एवढंच आपण दोघं जुळवून बघू.

आई-वडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
काका