वाचकांचे प्रश्न : पुन्हा एकदा आकाश

प्रश्न : मुलीसाठी वह्या आणि कंपासपेटी आणायला गेलो असता दुकानात पुठ्ठ्याची फिरती तारकातबकडी (तारीख-वेळ जुळवली की त्या वेळचे आकाश दाखवणारी चकती) दिसली आणि लहानपणी गच्चीवर नक्षत्रे ओळखण्यात घालवलेल्या रात्री आठवल्या. मला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते. परिस्थितीमुळे वाणिज्य शाखेकडे गेलो आणि आज सेहेचाळिसाव्या वर्षी बँकेत नोकरी करतो. आता दुर्बीण घेऊन हा छंद नव्याने धरावा, की उशीर झाला आहे?
— एक वाचक, कराड

उत्तर : संशोधनसंस्थेतील नोकरीची वाट बंद झाली आहे, हे मान्य करूनच बोलू. आकाशाचे निरीक्षण करून उपयोगी नोंदी ठेवण्याची वाट मात्र आजही खुली आहे आणि तिला पदवी लागत नाही. दुर्बिणीची घाई करू नये. डळमळत्या तिकाटण्यावरच्या स्वस्त दुर्बिणी उत्साह मारतात, असे माझे ठाम मत आहे. ती तारकातबकडी घ्यावी आणि सुरुवात नुसत्या डोळ्यांनी करावी.

पहिला विषय म्हणून ययाति तारकासमूहातील अल्गोल हा तारा मी सुचवेन. डिसेंबर-जानेवारीत तो संध्याकाळनंतर उंचावर असतो. एरवी तो शेजारच्या देवयानी तारकासमूहातील, ययातीच्या सर्वांत जवळच्या ठळक ताऱ्याइतकाच तेजस्वी दिसतो. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचे तेज सुमारे एक तृतीयांशावर उतरते आणि ही घट व भरपाई साधारण दहा तासांत पूर्ण होते. इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने हा क्रम निश्चित करून १७८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी जाहीर केला, आणि एखादी काळोखी वस्तू त्या ताऱ्यासमोरून जात असावी असे अनुमानही मांडले. शंभराहून अधिक वर्षांनी, १८८९ मध्ये, ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटाच्या (घटक रंगांच्या पट्ट्याच्या) अभ्यासातून या अनुमानाला पुष्टी मिळाली : अल्गोलचा मंद जोडीदार त्याला नियमितपणे झाकतो.

असे काम आजही हौशी निरीक्षक करतात. २०१९च्या अखेरीस मृगातील काक्षी हा तांबूस तारा ठळकपणे मंदावू लागला, तेव्हा तो बदल नुसत्या डोळ्यांनाही कळत होता. अमेरिकेत १९११ मध्ये स्थापन झालेली ‘एएव्हीएसओ’ ही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची संस्था जगभरातील हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारते. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींसाठी काम करते. तिच्या आकाशदर्शनाला एकदा जावे, तेथे निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहावे आणि मगच खरेदीचा विचार करावा. तोवर ७×५० किंवा १०×५० ची (७ किंवा १० पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) द्विनेत्री पुरेशी आहे.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून काढलेला तेजाचा आकडा लिहावा. मुलीला रस असेल तर तिने आपला अंदाज स्वतंत्रपणे, तुमचा आकडा न पाहता लिहावा.